चार वर्षांच्या मुलीसाठी कॉम्प्युटर गेम निवडताना: आधी मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघा

दादा, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, जूनपासून छोट्या गटात जाणार, घरात एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, तुम्ही दोघंही नोकरीवर, दुपारी ती आजीजवळ असते, आणि एक माणूस घरी येऊन वर्षाचं बारा हजारांचं 'लर्निंग गेम्स'चं पॅकेज गळ्यात मारायला बघतोय. तर ते घेऊ की फुकटातलं काही बघू, की अजून काहीच नको.

मी गेली एकवीस वर्षं बालवाडी चालवते आणि २००७ पासून आमच्याकडे एका कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर आहेत, त्यामुळे या बाबतीत ठेचा भरपूर खाल्ल्यात. पहिलीच ठेच म्हणजे एका कंपनीचा चौदा सीडींचा संच, साडेचार हजाराला घेतलेला, डब्यावर लिहिलेलं 'वय ३ ते ८'. तीन वर्षांचं मूल आणि आठ वर्षांचं मूल एकाच डब्यात बसवणाऱ्याने दोघांपैकी एकही बघितलेलं नसतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. चौदापैकी दोन सीडी वापरल्या, बाकीच्या शेवटी आम्ही मोराच्या पिसाऱ्यात चिकटवल्या, तो मोर मात्र छान झाला.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य मधेच येऊन गेलंय, 'तिच्या मामेबहिणीला मोबाईलवरून सगळी एबीसीडी येते'. मला वाटतं खरा प्रश्न तिथं आहे. कुठला गेम हा नंतरचा भाग झाला, आपली मुलगी मागं पडतेय का ही धाकधूक आधीची आहे. तर पहिलं ते सांगते, एबीसीडी गाण्यासारखी पाठ म्हणणं आणि अक्षर ओळखणं यात बराच फरक आहे, त्या मामेबहिणीला मधलंच एखादं अक्षर दाखवून बघा, बहुतेक वेळा मूल पहिल्यापासून गाणं सुरू करून तिथपर्यंत येतं. त्यामुळे या एका कारणासाठी पॅकेज घेत असाल तर घेऊ नका. मुलगी गप्पा मारते, गोष्ट ऐकताना मधे मधे प्रश्न विचारते, दोन ताटल्यांत सारखे लाडू वाढते, तर ती कुठंही मागं नाहीये.

आता कॉम्प्युटर द्यावा का. माझं उत्तर, द्या, पण थोडा, आणि शेजारी कुणी बसणार असेल तरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे सांगितलं त्यात २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं, असं आहे, आणि आपल्याकडच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचंही २ ते ५ वयासाठी १ तासाच्या आतच, तेही मोठ्यांच्या नजरेखाली, असं म्हणणं आहे. या तासात टीव्हीवरची कार्टूनं आणि जेवताना लावलेला मोबाईलही धरायचा हं, तो बहुतेक घरी धरत नाहीत. आमच्याकडे एका मुलाची एका वेळची पाळी पंधरा मिनिटांची असते आणि आठवड्यातून दोन वेळा. एवढं पुरतं.

बाकी बरंच तुमच्या मुलीवर अवलंबून आहे आणि ते मी इथं बसून सांगू शकत नाही. काही मुलं मोठ्या आवाजाला बिचकतात, काहींना घड्याळ लावलेला गेम आला की रडू फुटतं, काहींचा हात अजून माउसवर बसत नाही. त्यामुळे मी गेमची नावं शेवटी देते, आधी गेम पारखायचा कसा ते सांगते, कारण नावं दर वर्षी बदलतात.

माझी पहिली परीक्षा सोपी आहे. मुलीला द्यायच्या आधी गेम स्वतः उघडा आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देत बसा. हे मला एका माकडाने शिकवलं. मोजायचा गेम होता, झाडावर चार आंबे, खाली आकडे, बरोबर आकडा दाबला की एक बाई गोड आवाजात 'गुड जॉब' म्हणायची, आणि चुकीचा दाबला की फांदीवरचं माकड फचाककन चिखलात पडायचं आणि डोळे मिचकावत वर यायचं. दोन दिवसांत माझी अख्खी बालवाडी चुकीचे आकडे दाबायला लागली. मला वाटलं मुलांना मोजता येत नाहीये, मी बिचारी रोज चिंचोके घेऊन परत चार-पाच-सहा घ्यायला बसले. शेवटी एका पोराने सांगितलं, 'ताई, बरोबर दाबलं तर माकड पडतच नाही.' म्हणजे त्याला बरोबर उत्तर पक्कं माहीत होतं, ते चुकवून दाबायला माहीत असावंच लागतं. पोरगं हुशार होतं, गेम बनवणारा नव्हता.

तर चुकीच्या उत्तरावर काय होतं ते बघायचं. बरोबर उत्तरापेक्षा जास्त गंमत होत असेल तर तो गेम नको. उलट लाल फुली, भसाडा आवाज, तीन चुकांनंतर 'गेम ओव्हर' असं असेल तरी या वयाला नको, मूल दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरजवळ येत नाही. चांगल्या गेममध्ये चुकलं की वस्तू गुपचूप परत जागेवर जाते, किंवा एखादी खूण दाखवतो, आणि मूल परत बघतं. ते परत बघणं महत्त्वाचं, शिकणं तिथं होतं.

दुसरी परीक्षा, डोळे मिटून सगळीकडे टॅप करत सुटा. खरंच. गेम तसाच पुढं सरकला, तारे मिळाले, फुगे फुटले, तर मूलही हेच करणार. तीन चित्रांतून एक निवडायचं असेल आणि चुकीला काही थांबाच नसेल तर तिसऱ्या टॅपला बरोबर येणारच की. मग आई सांगते 'लेव्हल चाळीसवर गेलीय' आणि मुलीला त्यातलं एक फळ ओळखता येत नाही.

तिसरं जरा बारीक आहे पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे काम कोण करतंय. एक मुलगी होती आमच्याकडे, चार वर्षांची, टॅबवर सात फुलपाखरं असली की प्रत्येकावर बोट ठेवायची, टॅब म्हणायचा एक, दोन, तीन, असं सातपर्यंत, आणि घरचे खूष की मुलगी मोजते. मी तिला जमिनीवर सात चिंचोके मांडून दिले. ती अकरापर्यंत गेली. बोट एका चिंचोक्यावर अडकलेलं आणि तोंड पुढं पळतंय. तोपर्यंत मोजत होता तो टॅब, ती नुसती बोट ठेवत होती. एका वस्तूला एकच आकडा ही गोष्ट हाताला आणि तोंडाला एकत्र समजावी लागते, ती टॅबने परस्पर करून टाकली तर मुलाला करायला काही उरतच नाही. म्हणून गेम बघताना विचारायचं, आकडा कोण म्हणतंय, अक्षर कोण शोधतंय, गोष्टीत पुढं काय होणार ते कोण ठरवतंय. आणि गेम बंद केल्यावर स्वयंपाकघरात परत करून बघायचं, 'आपल्या चौघांना चार वाट्या आण'. तीन आणल्या तर रागवू नका, वाढायला बसल्यावर तिचं तिलाच कळतं की कुणाला तरी वाटी नाही.

हे नुसतं माझं डोकं नाही, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शैक्षणिक ॲप्सवर एक मोठा लेख लिहिला त्यात साधारण हेच चार मुद्दे आहेत, की मुलाचं डोकं चालत राहिलं पाहिजे, लक्ष फाटता कामा नये, शिकतोय त्याचा त्याच्या जगण्याशी संबंध हवा आणि माणसांशी बोलणं व्हायला हवं. लक्ष फाटण्याचं म्हणाल तर स्क्रीनच्या कोपऱ्यात उगाच नाचणारा ससा, प्रत्येक टॅपला टुंग, मागं न थांबणारं संगीत, हे सगळं त्यातच आलं. गेम चालू करा आणि संगीत बंद करायचं बटण सापडतंय का बघा. नसेल तर आजी दोन दिवसांत लॅपटॉप बाहेर फेकतील, आणि बरोबरच करतील.

जाहिराती आणि पैसे याबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम एकच, जाहिरात असलेला गेम या वयाला द्यायचाच नाही. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात कुठली आणि खेळ कुठला हे कळत नाही, मोठं चमकणारं बटण दिसलं की ते दाबणारच. आईच्या मोबाईलवर गेम देणार असाल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग आजच करून टाका. पोरांनी न विचारता केलेल्या गेममधल्या खरेदीपायी २०१४ मध्ये अमेरिकेत ॲपलला ग्राहकांचे किमान सव्वातीन कोटी डॉलर परत द्यायला लागले होते, तर आपण कोण. एक साधी युक्ती, फोन फ्लाइट मोडवर टाकून गेम चालतो का बघा, न रडता चालला तर निम्मी काळजी मिटली. आणि खेळताना ॲपबाहेर पडता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आहे, दोन्ही वापरा.

आता मराठीचं. तुम्ही लिहिलंय 'मराठी अक्षरांचे गेम ढिगाने आहेत'. आहेत, पण उघडून बघा हो. बरेचसे हिंदीवरून उचललेले असतात. ळ आहे का ते आधी बघा, मग आवाज ऐका, चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, जवळमधला ज आणि जीभेतला ज वेगळा, हे बोलणाऱ्या बाईला माहीत आहे का. मग ल आणि श चा आकार बघा. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यात मराठीसाठी ल पाकळीचा आणि श देठाचा ठरलाय, आणि मोबाईलच्या फॉन्टमध्ये बहुतेक वेळा हिंदी वळणाचा दुसराच दिसतो. मोठ्यांना दोन्ही वाचता येतात, पण जी पोर नुकती अक्षर बघायला लागलीय तिला वर्गात एक ल आणि घरी दुसरा ल, मग ती विचारते हे काय आहे. शिवाय बोटाने अक्षर गिरवायच्या गेममध्ये उलटीकडून सुरुवात केली तरी बहुतेक गेम 'शाब्बास' म्हणतात, ती सवय नंतर पाटीवर मोडायला आम्हाला सहा महिने लागतात. गिरवायला रवा पसरलेलं ताट घ्या, फुकट आहे.

आणि चित्रं. एका गेममध्ये ऐ ऐरणीचा होता. आमच्यातल्या एकानेही ऐरण पाहिलेली नाही, एकजण म्हणाला 'हे हातोडीचं टेबल आहे'. मला फार आवडलं ते, पण ऐ काही शिकला नाही तो. खरं सांगायचं तर सव्वाचारला अक्षरांची घाई नकोच, त्याआधी ऐकण्याचे खेळ, यमक जुळवणं, 'क ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू घरातून शोधून आण' हे हवं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांच्या बालवाड्या शंख, शिंपले, बिया, पानांवर चालवल्या, आणि मोजणं, लावणं, जुळवणं हे सगळं त्यात होतं. कॉम्प्युटर त्यापेक्षा वेगळं काही देत असेल तरच तो चालू करायचा, हा माझा हिशोब.

वेगळं काय देतो, तर पुसून परत करता येतं, न घाबरता, कितीही वेळा. म्हणून मी पहिला गेम जो सांगते तो गेमच नाही, चित्रं काढायचा आहे. टक्स पेंट. २००२ पासून आहे, फुकट, जाहिरात नाही, तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी केलेला, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतो आणि मराठीतही लावता येतो. फाइल कुठं सेव्ह करायची वगैरे काही विचारत बसत नाही, एक बटण दाबलं की चित्र राहतं. मागच्या वर्षी एका मुलीने अख्खी स्क्रीन काळी केली. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली 'लाईट गेलीय'. मग तिने खोडरबर घेऊन मधे एक ठिपका पुसला, 'ही आईची मेणबत्ती'. मग बाजूला अजून दोन ठिपके, 'हे मांजराचे डोळे, ते अंधारात पण बघतं'. दहा मिनिटं बोलत होती, एरवी ही मुलगी दिवसभरात दहा शब्द बोलायची नाही.

दुसरा जीकॉम्प्री. फ्रेंच नाव आहे, तिकडे 'मला समजलं' म्हणतात त्यावरचा शब्दखेळ. २००० साली सुरू झालेला, हाही पूर्ण फुकट आणि जाहिरातीशिवाय, २ ते १० वयासाठी, शंभराहून जास्त खेळ एकाच ठिकाणी. विंडोज, लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटातली सिस्टीम), अँड्रॉइड सगळीकडे चालतो. पण एवढे खेळ एकदम दाखवू नका, पोर गोंधळते, सेटिंगमध्ये अवघडपणा ताऱ्यांनी दाखवलाय, सुरुवातीला एका ताऱ्याचे तेवढेच ठेवा. त्यात माउस फिरवून ठोकळे पुसायचे आणि खालचं चित्र उघडायचं असा एक खेळ आहे, पहिले पंधरा दिवस तोच. पुढं फळं मोजायचा एक आहे, त्यात फळं सरकवून नीट मांडायची आणि आकडा स्वतः कीबोर्डवर दाबायचा, कुणी मोजून देत नाही, म्हणून तो मला आवडतो. आवाजांच्या फाइल पहिल्यांदा इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात, ते तुम्ही रात्री करून ठेवा.

इंग्रजीची हौस असेल तर मोबाईल किंवा टॅबवर खान अकॅडमी किड्स बघा, २ ते ८ वयासाठी, फुकट, जाहिराती नाहीत. उच्चार अमेरिकन आहेत आणि गोष्टींतलं जगही तिकडचं, तेव्हा शेजारी बसून मराठीत बोलणारं माणूस पाहिजेच. स्क्रॅचज्युनियर कुणीतरी सुचवेल तुम्हाला, चांगलं आहे, पण ते ५ ते ७ वयासाठी बनवलंय, वर्षभर थांबा.

बारा हजारांच्या पॅकेजबद्दल. ते वाईटच असेल असं मी म्हणत नाही, मी बघितलेलं नाही. पण सव्वाचार वर्षांच्या मुलीसाठी वर्षाचा करार करू नका, सहा महिन्यांत तिचा हात, बोलणं, आवड सगळं बदलतं. त्या माणसाला रविवारी बोलवा, मुलीला त्याच्या गेमसमोर बसवा आणि त्याला सांगा की वीस मिनिटं तुम्ही काही बोलायचं नाही आणि हात लावायचा नाही. तुम्ही स्क्रीन बघू नका, मुलीकडे बघा. ती मधे थांबून विचार करते का, काही बोलते का, तुम्हाला काही दाखवायला वळते का, की नुसती डोळे फाडून टॅप करतेय. आणि मधेच त्या माणसाचा हात बटणाकडे गेला, 'असं नाही बेटा, असं' म्हणत, तर समजा की गेम तिला समजत नाहीये आणि हे त्यालाही माहीत आहे.

लॅपटॉप लावताना दोन-तीन गोष्टी. टचपॅडवर या वयाचं बोट चालत नाही, छोटा माउस घ्या. डाव्या बटणावर आजींची एक लाल टिकली चिकटवा, 'टिकलीवर बोट' एवढंच सांगायचं, नाहीतर मूल उजवं बटण दाबतं, मेनू उघडतो आणि खेळ हरवतो. दोनदा पटकन क्लिक करणंही जमत नाही, पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मधे माउस सरकतो, म्हणून गेम तुम्हीच उघडून द्या. खुर्चीवर बसवलंत तर पाय लोंबकळतात, खाली एक पाट किंवा उलटी बादली ठेवा.

आजींना कॉम्प्युटर येत नाही ही अडचण तुम्ही लिहिलीय, मला ती उलट सोयीची वाटते. आजींनी काही शिकवायचं नाही, फक्त विचारायचं, 'हे काय केलंस गं?', 'आता काय होणार?', आणि मुलीने आजीला समजावून सांगायचं. आमच्याकडे मी एका कॉम्प्युटरला मुद्दाम दोन मुलं बसवते ते याचसाठी, एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने सांगायचं. भांडणं होतात, पण बोलणं होतं.

बंद करताना रडारड होणार, ते गृहीत धरा. 'पाच मिनिटं राहिली' हे या वयाला कळत नाही, 'अजून दोन चित्रं, मग बंद' हे कळतं. म्हणूनच ज्या गेमला शेवट आहे, चित्र पूर्ण झालं, कोडं जुळलं, असाच घ्यावा. एक संपायच्या आत आपोआप दुसरं सुरू होणारे गेम बंद करताना घरोघरी जो तमाशा होतो त्यात पोराचा काही दोष नसतो.

लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम किती आहे ते लिहा, विंडोज फारच रडत असेल तर त्यावर हलकं लिनक्स टाकून हे दोन्ही कसे चालवायचे ते सांगते. माउसचं मात्र आजच बघा, दुकानात सगळ्यात लहान आकाराचा मागा, वायरचा, बिनवायरचा नको, त्याचा सेल काढून तोंडात घालायची शक्यता असते.